मदत हवी आहे : मे महिन्यात एरंडोल ते पद्मालय पायी

पुढच्या रविवारी जळगावहून पहिल्या एसटीने एरंडोल, तिथून पायी पद्मालयचं गणपती मंदिर आणि संध्याकाळी जळगावात भाऊंच्या उद्यानात, असा बेत आहे. सोबत साठी ओलांडलेली आत्या आणि नऊ वर्षांचा भाचा. स्वतःची गाडी नाही. ऊन तापायच्या आत, दहापर्यंत, देवळात पोचायचंय. त्रेचाळीस-चव्वेचाळीसात चालण्याची हौस कुणालाच नाही.

नकाशात डांबरी रस्ता दिसतो, तो साधारण दहा किलोमीटरचा. बस आगारात विचारलं, तर "रिक्षा करा ना भो" एवढंच उत्तर! परतीला रिक्षा चालेल. पावसाळ्यात जा, हे कृपया सांगू नका, आत्या जूनमध्ये परत जाणार.

शेतातून किंवा जंगलातून सावलीची पायवाट आहे का, आणि वाटेत पाणी कुठे मिळेल?