ऑफिसमधला कागद निम्म्यावर आणायचाय, सुरुवात कुठून करू?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, ऑफिसात बारा जण. महिन्याला साधारण 20 रिम ए-फोर संपतात. एक मोठा कॉपियर, दोन लहान लेझर प्रिंटर. टॅलीची बिलं, चलनं, जॉब कार्डं, एक्सेलचे रिपोर्ट असा सगळा मामला. उलाढाल पाच कोटींच्या वर, म्हणजे ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागू आहे. "कागद वाचवा"च्या पाट्या लावून झाल्या, फरक शून्य. नेमकं काय करावं?

उद्यमनगर_आयटी
पाट्या काढून टाका आणि आधी मोजा. 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम) ए-फोर साधारण 4.7 ग्रॅम भरतो, म्हणजे तुमच्याकडे महिन्याला जवळपास 47 किलो कागद जातोय. तो कोण खातंय हे कॉपियरला विचारा: प्रत्येक खात्याला वेगळा कोड देता येतो, महिन्याच्या शेवटी खातेवार आकडे निघतात. लहान प्रिंटरचा आयपी ब्राउझरमध्ये टाकलात की काउंटर दिसतो. एक लक्षात ठेवा, पाठपोट छापलेला एक कागद काउंटरवर दोन धरला जातो. त्यामुळे रिमचा हिशेबही सोबत ठेवा, नाहीतर कागद वाचला तरी आकडा हलणार नाही.

मग पाठपोट छपाई हीच मूळ सेटिंग करा. इथं बहुतेक जण चुकतात. "प्रिंटिंग प्रेफरन्सेस"मध्ये केलेला बदल फक्त त्या लॉगिनपुरता असतो. सगळ्यांसाठी करायचा तर प्रिंटर प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, प्रिंटिंग डिफॉल्ट्स असं जा. प्रिंटर शेअर केलेला असेल तर ज्या पीसीवरून शेअर केलाय तिथं करा. पाठपोटचा पर्याय फिका दिसत असेल तर "डिव्हाइस सेटिंग्ज"मध्ये डुप्लेक्स युनिट बसवलंय असं ड्रायव्हरला सांगायचं राहिलेलं असतं. उभ्या पानाला "लाँग एज" निवडा. "शॉर्ट एज" राहिलं की मागची बाजू उलटी येते, लोक वैतागतात आणि दुसऱ्या दिवशी सेटिंग बंद झालेली असते.

लेटरहेड आणि बँकेचे फॉर्म एकाच बाजूला लागतात. त्यासाठी तोच प्रिंटर पीसीवर दुसऱ्यांदा जोडा, नाव "एकबाजू" द्या आणि त्यात पाठपोट बंद ठेवा. दर वेळी सेटिंग बदलायला सांगाल तर कुणी बदलणार नाही.

कॉपियरला पिन टाकून छापायची सोय असेल तर सुरू करा. छापायला दिलं आणि न्यायलाच कोणी आलं नाही, असे गठ्ठे ट्रेवर साचतात, ते बंद होतात.

लेखा_राजारामपुरी
बिलांबद्दल सांगतो, कारण सगळ्यात मोठा कागद तिथं आहे. मालाच्या बिलाच्या तीन प्रती जीएसटी नियम 48 मध्ये आहेत, पण त्याच नियमाच्या पोटनियम 6 प्रमाणे ई-इनव्हॉइसला ही तीन प्रतींची अट लागू नाही. टॅलीत प्रतींची संख्या जुनीच 3 राहिलेली असते, ती बदला. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला दिलेलं बिल मात्र ई-इनव्हॉइसमध्ये येत नाही, तिथं तीन प्रती ठेवाव्याच लागतात. दोन्हींसाठी टॅलीत व्हाउचर टाइप (बिलाचे प्रकार) वेगळे केलेत तर घोळ होणार नाही.

गाडीसोबत छापील बिल नसलं तरी नियम 138-ए प्रमाणे आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) असलेला क्यूआर कोड मोबाइलवर दाखवता येतो. ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागू असेल तर त्याचा नंबर लागतोच. अडचण कायद्याची नसते, समोरच्या कंपनीच्या गेटवर असते: त्यांना शिक्का मारायला कागद हवा असतो. म्हणून चलनाची एकच प्रत पाठवा, पोच त्याच्यावरच घ्या आणि ड्रायव्हरला तिथूनच फोटो पाठवायला सांगा.

जुन्या फायली टाकायची घाई नको. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवायच्या असतात. 2023-24 ची देय तारीख 31 डिसेंबर 2024 होती, म्हणजे त्या नोंदी 31 डिसेंबर 2030 पर्यंत. अपील चालू असेल तर त्याच्या निकालानंतर एक वर्ष किंवा ही मुदत, जे उशिराचं असेल ते धरायचं. टोल-पेट्रोलच्या थर्मल पावत्या वर्षभरात पांढऱ्या पडतात, त्या आल्या त्याच दिवशी स्कॅन करा.

शिरोलीकर
फार उपयोगाचं सांगितलंत, आभारी आहे. आणखी दोन अडचणी. पाठकोरा कागद आम्ही परत कॉपियरला घालतो, तर सारखा अडकतो, आणि पावसाळ्यात तर विचारू नका. दुसरं म्हणजे एक्सेल. एक रिपोर्ट काढला की दहा पानं, त्यातल्या निम्म्यांवर एकच कॉलम.

कॉपियर_दुरुस्ती
पाठकोरा कागद कॉपियरला घालूच नका. एकदा फ्युजरच्या (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाच्या) उष्णतेतून गेलेला कागद वाकतो आणि रोलर दोन-दोन पानं उचलतो. जुन्या बाजूचा टोनर परत तापून फ्युजरला चिकटतो. राहिलेली एक स्टेपल पिन आत गेली तर ड्रमवर (छाप तयार करणाऱ्या नळीवर) ओरखडा पडतो, आणि ड्रमच्या किमतीत कित्येक रिम येतात. असा कागद मधोमध कापून बाइंडिंगवाल्याकडून पॅड करून घ्या. फोनशेजारी, स्टोअरला, गेटवर तेच वापरा. पगार, आधार किंवा दराची कागदं त्या गठ्ठ्यात जाणार नाहीत एवढं बघा.

पावसाळ्याचं कारण दमट हवा. कागद ओल ओढतो, कडा लाटेसारख्या होतात. रिमचं वेष्टन ओलीला अडवण्यासाठीच असतं, ते ट्रे भरतानाच फाडा. लागेल तेवढाच कागद भरा, उरलेला पिशवीत बंद. रिम फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, भिंतीपासून जरा लांब. बऱ्याच कॉपियरमध्ये ट्रे कोरडा ठेवणारा हीटर असतो, त्याचं वेगळं बटण असतं. रात्री भिंतीवरचा स्विच बंद केलात तर तोही बंद, म्हणून जून ते सप्टेंबर तो स्विच चालू राहू द्या. पाठपोट छापताना 70 जीएसएमपेक्षा 75 किंवा 80 बरा. कागद एकदा आतून वळून येतो, पातळ असला की तिथंच अडकतो.

एमआयएस_कागल
एक्सेलचं सोपं आहे. लागणारा भाग निवडून "प्रिंट एरिया" ठरवा, पान आडवं करा, स्केलिंगमध्ये "फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज" घ्या. "फिट शीट" घेऊ नका, अक्षरं मुंगीएवढी होतात. फाइल तशीच सेव्ह करा, पुढच्या महिन्यात परत करावं लागत नाही.

मराठी पत्रांचा कागद फॉन्टमध्येही जातो. मंगल फॉन्ट दोन ओळींत भरपूर जागा सोडतो. वर्डमध्ये ओळींचं अंतर "एक्झॅक्टली" करून 11 च्या अक्षराला 17 पॉइंट द्या, दीड पानाचं पत्र बहुधा एका पानात बसतं. अंतर फार कमी केलंत तर वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातात, म्हणून पहिलं पान नीट वाचून बघा.

जॉब कार्ड मोबाइलवर न्यायच्या फंदात सध्या तरी पडू नका. कूलंटचे हात, ग्लोव्हज, कुणी बघत नाही. त्यापेक्षा एका ए-फोरवर दोन कार्डं छापा आणि मधोमध कापा. ड्रॉइंगची मशीनवर एकच प्रत असू दे, प्लास्टिक कव्हरमध्ये, रिव्हिजन नंबर (ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीचा क्रमांक) ठळक. नवी रिव्हिजन आली की जुनी परत घेतल्याशिवाय नवी देऊ नका. हा नियम कागदापेक्षा रिजेक्शन वाचवण्यासाठी जास्त महत्त्वाचा.

शिरोलीकर
आणि रद्दी? आत्ता सगळं एकाच पोत्यात जातं.

उद्यमनगर_आयटी
तीन वेगळी पोती करा: पांढरा छापील कागद, पुठ्ठा, बाकी मिसळ. पांढऱ्याला दर चांगला मिळतो, मिसळ केलीत की सगळ्याला मिसळीचाच दर. थर्मल पावत्या, लॅमिनेट केलेले कागद आणि तेलकट कागद त्यात नकोत. चहाचे कागदी कपही नकोत, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. चहाला स्टीलचे पेले किंवा कप आणा, तो कचरा मुळातच थांबतो. श्रेडर फक्त गोपनीय कागदाला वापरा, कापलेल्या कागदाचे तंतू आखूड होतात आणि दर पडतो.

पहिल्या महिन्यात फक्त काउंटर, पाठपोट आणि टॅलीच्या प्रती एवढंच करा. खातेवार आकडे आले की इथं टाका, पुढचं त्यावरून ठरवू.