ब्रास म्हणजे नेमके किती? घनफूट, चौरस फूट आणि मिस्त्रींचा हिशेब

प्रश्न : पायाभरणी

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी जुने मातीचे घर उतरवून त्याच जागी साधारण हजार चौरस फुटांचे तळमजली घर बांधण्याचे ठरले आहे. अभियंत्याने दिलेले अंदाजपत्रक घनमीटर आणि चौरस मीटरमध्ये आहे. गावात मात्र वाळू, खडी, मुरूम, वीटकाम, गिलावा आणि फरशी या सगळ्यांचे दर ब्रासमध्येच सांगितले जातात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच सुमारे 2.83 घनमीटर, एवढे मला ठाऊक आहे. परंतु गिलाव्याला आणि फरशीला घनफूट कसे लावायचे, हे कळेना, आणि विचारले की "ब्रास म्हणजे ब्रास" एवढेच उत्तर मिळते.

खरी अडचण वीटकामाची आहे. दोन मिस्त्रींकडून नुसत्या मजुरीचे दर घेतले. भिंत नऊ इंची, वीट तीच, माल आमचाच. तरीही एकाचा ब्रासचा दर दुसऱ्याच्या बरोबर पाऊणपट निघाला. घरातील सर्वांचे मत स्वस्त मिस्त्रीला काम द्यावे असे आहे. एवढा फरक केवळ गरजेपोटी कोणी देईल असे मला वाटत नाही. यात मोजण्याचा काही भेद आहे का? तसेच दारे-खिडक्यांची जागा गिलाव्याच्या मापातून वजा करायची असते की नसते, याबद्दलही प्रत्येक जण वेगळे सांगतो. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : ओळंबा

आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. सरकारी बांधकामांच्या मोजमाप पुस्तिका लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्या आधारावर सांगतो. आपल्याकडे ब्रास या शब्दाने फक्त शंभराचा आकडा ठरतो. शंभर काय, हे कामावरून समजून घ्यायचे असते. वाळू, खडी, मुरूम, खोदाई, दगडी बांधकाम यांत तो 100 घनफूट असतो; गिलावा, फरशी, रंग यांत 100 चौरस फूट. ज्या कामाची जाडी आधीच ठरलेली असते, तिथे जाडी मोजण्याचे कारण उरत नाही, म्हणून लांबी-रुंदीवर भागते.

वीटकाम या दोहोंच्या सीमेवर पडते आणि आपला पाऊणपटीचा फरक तिथूनच आला असावा. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट. नऊ इंची भिंतीचे 100 चौरस फूट पृष्ठफळ घेतले तर त्यात 75 घनफूट काम होते. आता एक मिस्त्री भिंतीच्या दर्शनी 100 चौरस फुटांना ब्रास म्हणत असेल आणि दुसरा 100 घनफुटांना, तर पहिल्याचा दर दुसऱ्याच्या पाऊणपट असायलाच हवा. म्हणजे दोघांची मजुरी एकच आहे. कोणीही स्वस्त नाही आणि कोणीही महाग नाही. हेच उलट बाजूने पाहायचे असेल तर नऊ इंची भिंतीचा घनफुटी ब्रास सुमारे 133 चौरस फूट भिंत देतो.

साडेचार इंची आडभिंतीचा दर मात्र स्वतंत्र ठरवून घ्यावा. तिथे 100 चौरस फुटांत जेमतेम साडेसदतीस घनफूट काम असते. बांधकामाच्या मोजमापाचे नियम सांगणाऱ्या भारतीय मानक 1200 मध्येही अर्ध्या विटेची भिंत घनमापाने न मोजता क्षेत्रफळाने मोजावी असेच आहे, कारण तिथे विटा कमी लागल्या तरी ओळंबा, दोरी आणि पहाड (परांची) बांधण्याचे श्रम त्या प्रमाणात कमी होत नाहीत. "सगळे वीटकाम एकाच ब्रासच्या दराने" असा ठराव झाला, की आडभिंतींच्या वेळी कोणीतरी एक जण हमखास नाराज होतो.

गिलाव्याच्या वजावटीलाही याच मानकात स्पष्ट नियम आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांच्या उघाड्यांची वजावट करीत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या उघाड्यांची वजावट भिंतीच्या एकाच बाजूकडून करतात, आणि त्यांच्या कडांचा, वरच्या तळाचा व खालच्या उंबऱ्याचा गिलावा वेगळा मोजत नाहीत. तीन चौरस मीटरच्या वरच्या उघाड्यांची दोन्ही बाजूंनी वजावट होते आणि त्यांच्या कडा मापात धरल्या जातात. आपल्या घरातील 3 बाय 7 फुटांचे दार 21 चौरस फुटांचे आणि 4 बाय 4 ची खिडकी 16 चौरस फुटांची. दोन्ही मधल्या गटात बसतात. तेव्हा "वजावट नाहीच" म्हणणारा मिस्त्री थोडे जास्त मागतो, आणि "दोन्ही बाजूंनी वजा करा" म्हणणारा मालक कडा काढण्याची मजुरी बुडवतो.

उत्तर : घाटमाथा

ओळंबा साहेबांनी मिस्त्रींची बाजू नीट मांडली. मी वाहतूकदार असल्यामुळे वाळू आणि खडीबद्दल लिहितो, कारण तिथे ब्रास घनफुटाचाच असतो हे सर्वांना मान्य असूनही वाद होतातच.

आमच्याकडे ट्रॉली म्हणजे एक ब्रास असे सरसकट बोलले जाते, पण ट्रॉल्या एकाच मापाच्या नसतात. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि दीड फूट उंच असलेली ट्रॉली सपाट भरली तर 90 घनफूट होते. राहिलेले 10 घनफूट शिगेतून, म्हणजे काठावरच्या ढिगातून, मिळतात, आणि शीग रस्त्यावरच्या खड्ड्यांत बसत जाते. म्हणून सौदा करताना "सपाट की शीग लावून" हे आधी विचारावे. माप नेहमी आतून घ्यावे. पत्र्याच्या बाहेरून टेप धरला तर प्रत्येक बाजूला जाडी वाढते आणि खाली पट्ट्यांची जागाही त्यात मोजली जाते. फाळका उघडण्यापूर्वी लोखंडी सळई पाच-सहा ठिकाणी तळापर्यंत खुपसून उंचीची सरासरी काढली तर कोणाच्याही मनात किंतु राहत नाही. चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर सळई टाकावी, कारण माल मध्ये उंच आणि कोपऱ्यांत खोल असतो.

ओल्या वाळूची गोष्ट वेगळी आहे. वाळूत चार-पाच टक्के ओल असली की कणांभोवतीचे पाणी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते आणि वाळू फुगते. बारीक वाळू पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंतही फुगते. पूर्ण भिजलेली वाळू मात्र पुन्हा कोरड्या वाळूइतकीच बसते. त्यामुळे ओलसर वाळूचा एक ब्रास म्हणजे प्रत्यक्षात पाऊण ब्रासच्या आसपासची वाळू असू शकते. हे ग्राहकाला ठाऊक नसते आणि आमच्यातले काही जण ते मुद्दाम सांगत नाहीत, हेही खरे आहे.

पायाभरणी

दोघांचेही मनापासून आभार. संध्याकाळी दोन्ही मिस्त्रींना एकत्र बसवून कागदावर नऊ इंची भिंतीचा तुकडा काढून दाखवला. ज्यांचा दर कमी होता, ते खरोखरच भिंतीचे तोंड मोजत होते. "आमच्या भागात असेच मोजतात" असे त्यांनी अगदी सरळपणे सांगितले, त्यात लपवाछपवी काही नव्हती. आता दोघांचेही दर घनफुटावर आणून तुलना करतो आहे.

एक पुढची शंका आहे. चौथऱ्याचा भराव 1000 चौरस फूट क्षेत्रावर दोन फूट उंचीचा आहे. माझ्या हिशेबाने तो 20 ब्रास होतो. मुरूमवाले मात्र 25 ते 26 ब्रास लागतील असे म्हणतात. हाही मोजण्याचाच भेद समजायचा का?

उत्तर : ओळंबा

होय, आणि इथे मुरूमवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. आपण मोजता तो दाबून बसलेला भराव. ते मोजतात तो गाडीतला सुटा माल. सुटा मुरूम थराथराने पसरून, पाणी मारून धुमसला की त्याचे आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांनी घटते. त्यामुळे 20 ब्रास पक्क्या भरावाला 25 ब्रासच्या आसपास सुटा मुरूम लागणारच. खोदाईत हेच उलट दिसते : खड्डा 10 ब्रासचा असला तरी काढलेली माती उचलायला बारा-तेरा ब्रासच्या गाड्या लागतात आणि कातळ फोडला तर त्याहूनही अधिक. म्हणून खोदाईची मजुरी खड्ड्याच्या मापावर आणि माती वाहून नेण्याचे भाडे खेपांवर, असे दोन वेगळे ठराव करावेत. भराव घालणाऱ्यालाच मुरूम आणायला सांगितले असेल, तर पैसे दाबलेल्या मापावर ठरवावेत. मग सहा-सहा इंचांचे थर नीट धुमसले जातात की नाही याची काळजी आपोआप त्यालाही लागते.

उत्तर : रंधा

हा सगळा गोंधळ घनमीटर वापरला तर एका दिवसात संपेल, असे मला वाटते. वैधमापन अधिनियम, 2009 नुसार व्यवहार मेट्रिक एककांतच व्हायला हवेत. गंमत अशी की गौण खनिजावरील स्वामित्वधन शासनही ब्रासवरच आकारते, आणि घरकुल लाभार्थ्यांना मोफत द्यायच्या वाळूची मर्यादाही पाच ब्रास अशीच सांगितली जाते. मग मिस्त्रींना दोष कसा द्यायचा?

जमिनीतही हाच प्रकार आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते आणि बोलण्यात आरला सर्रास गुंठा म्हणतात. आर म्हणजे 100 चौरस मीटर, सुमारे 1076 चौरस फूट. गुंठा 33 बाय 33 फुटांचा, 1089 चौरस फुटांचा. एका हेक्टरचे 100 गुंठे धरून पैसे मोजले तर साडेबाराशे चौरस फुटांहून अधिक जागेचे पैसे हवेत जातात.

उत्तर : कातळ

रंधा यांचे म्हणणे जमिनीच्या बाबतीत पटते, पण घनमीटर आणल्याने बांधकामातला वाद मिटणार नाही. घाटमाथा यांची ओली वाळू घनमीटरमध्येही तितकीच फुगलेली असते आणि सुटा मुरूम घनमीटरमध्येही सुटाच असतो. एकक बदलले तरी माप कुठे घ्यायचे, गाडीत, खड्ड्यात की दाबलेल्या भरावावर, हा प्रश्न तसाच राहतो.

आमच्याकडे रत्नागिरीत भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आणि चिरा नगावर विकला जातो. तिथे ब्रासचा घोळ नाही, पण खाणीखाणीला चिऱ्याचा आकार बदलतो, तेव्हा नगाचा दर कमी लागला तरी भिंतीला चिरे जास्त लागू शकतात. म्हणून आम्ही खाणीवर टेप घेऊन जातो आणि गाडीत भरण्यापूर्वी काही चिरे लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही अंगांनी मोजतो.

पायाभरणी

वाळू वजनकाट्यावर तोलून घेतली तर हा प्रश्न सुटेल का? गावाजवळ एक काटा आहे.

उत्तर : घाटमाथा

थोडाफार सुटेल, पूर्णपणे नाही. कोरड्या वाळूचा ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो. क्रशरची वाळू त्याहून जड असते. म्हणजे दोन्हींसाठी एकच आकडा चालणार नाही. ओलसर वाळू मापाने मोजली तर फुगवट्यामुळे आपला तोटा पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो; वजनाने घेतली तर पाण्याचे चार-पाच टक्केच जास्तीचे मोजावे लागतात. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर वाळू घ्यायची असेल तर काट्यावरच घ्यावी, भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही गाडीच्या पावत्या ठेवाव्यात, आणि गाडीतून पाणी गळत असेल तर ते निथळल्याशिवाय तोलू नये. काट्याचे भाडे कोणी द्यायचे, तेही आधीच बोलून घ्या. शेवटच्या खेपेला भांडण त्यावरूनच होते.