‘ऑथेल्लो’मधील स्त्रिया : डेस्डेमोनाचे शेवटचे वाक्य आणि एमिलियाने उचललेला रुमाल

प्रश्न (वाचनवेडी) :

शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ मी सध्या तिसऱ्यांदा वाचत आहे आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडखळते आहे. पहिल्या अंकात सेनापती ऑथेल्लोशी लग्न करून व्हेनिसच्या सिनेटसमोर उभी असलेली डेस्डेमोना कोणालाही बिचकत नाही. माझ्या आईने जसे स्वतःच्या वडिलांपेक्षा तुम्हाला जवळ केले, तसेच मी माझ्या पतीला जवळ करते आहे, असे ती भरसभेत वडिलांना सांगते. इतकेच नव्हे, तर मोहिमेवर निघालेल्या पतीबरोबर सायप्रसला जाण्याची परवानगीही ती स्वतःच मागते. हीच स्त्री चौथ्या अंकात व्हेनिसहून आलेल्या लोडोविकोच्या देखत नवऱ्याचा मार खाते, तेव्हा आपण या वागणुकीला पात्र नव्हतो एवढेच बोलते. शेवटी संशयाने पेटलेला नवरा तिचा गळा दाबतो; हे कोणी केले असे तिची सखी एमिलिया विचारते, तर ‘कोणी नाही, मी स्वतःच’ असे उत्तर देऊन ती प्राण सोडते.

नाटककाराने उत्तरार्धात हिला मुद्दाम सोशिक पत्नीच्या साच्यात बसवले आहे का? तसे असेल तर पहिल्या अंकातील डेस्डेमोना त्याने कशासाठी घडवली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (नाट्यार्थी) :

आपण उद्धृत केलेले वाक्य एकटे वाचले, तर ती शरण गेलेली वाटते हे खरे. मात्र त्याच्या आधीची दोन वाक्येही पाहावीत. गळा दाबला गेल्यानंतर शुद्धीवर येताच तिच्या तोंडून पहिल्यांदा निघते ते आपला अन्यायाने खून झाला हेच. त्यानंतर ती म्हणते की मी निरपराध मरते आहे. खून झाला आणि आपला अपराध नव्हता, या दोन्ही गोष्टी साक्षीदारासमोर उच्चारून झाल्यावरच ती नवऱ्याचे नाव घेण्याचे टाळते. मला यात दुबळेपणा दिसत नाही. काय सांगायचे आणि काय स्वतःपाशी ठेवायचे, हा निवाडा ती मरतानाही स्वतःच करते.

त्याआधी शय्येवर ती मुकाट्याने मरण पत्करते असेही नाही. ज्या कॅसिओवरून ऑथेल्लो संशय घेतो, त्याला तुम्ही दिलेला तो रुमाल मी दिलेला नाही, त्याला बोलावून विचारा, असे ती ठामपणे सांगते. उद्या मारा पण आजची रात्र जगू द्या, निदान अर्धा तास द्या, अशी याचना करते. १६१० मध्ये ऑक्सफर्ड येथे या नाटकाचा प्रयोग पाहिलेल्या हेन्री जॅक्सन यांनी एका लॅटिन पत्रात नोंदवून ठेवले आहे की डेस्डेमोनाने आपली बाजू सतत चांगली मांडली, पण मरून पडल्यावर तिच्या नुसत्या चेहऱ्याने प्रेक्षकांना अधिक हेलावले. त्या काळच्या प्रेक्षकालाही ती बाजू मांडणारी स्त्री म्हणून ऐकू आली होती, हे मला फार मोलाचे वाटते. बदल झाला आहे तो ऐकणाऱ्यांत. सिनेटमध्ये तिला बोलू देणारे लोक होते, सायप्रसच्या त्या बंद खोलीत एकच श्रोता आहे आणि त्याने निकाल आधीच दिलेला आहे.

प्रतिसाद (तिसरी घंटा) :

वरील विवेचन पटले, तरी या नाटकातील स्त्रीचित्रणाचे मर्म डेस्डेमोनाइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, एमिलियापाशी आहे असे माझे मत आहे. तिसऱ्या अंकात स्ट्रॉबेरीच्या नक्षीचा तो रुमाल खाली पडतो आणि एमिलिया तो उचलते. नवऱ्याने, म्हणजे ऑथेल्लोच्या मनात संशय पेरणाऱ्या इयागोने, तो चोरून आणण्यासाठी आपल्याला शंभरदा विनवले आहे, एवढेच तिला ठाऊक आहे. त्याचे तो काय करणार याची तिला कल्पना नाही आणि त्याची मर्जी राखायची यापलीकडे तिचा हेतूही नाही. पुढच्याच प्रवेशात डेस्डेमोना तिला विचारते की रुमाल कुठे हरवला असेल, आणि एमिलिया उत्तर देते, ‘मला माहीत नाही, बाईसाहेब.’ त्या क्षणी तिने खरे सांगितले असते, तर नाटक तिथेच थांबले असते. नवऱ्याची आज्ञा पाळणारी चांगली बायको आणि मालकिणीवर जीव टाकणारी चांगली सखी या दोन्ही भूमिका एकाच स्त्रीकडे आहेत, आणि पहिली निभावताना ती दुसरीचा घात करते. त्या काळचे उपदेशग्रंथ स्त्रीला जो आज्ञाधारकपणा शिकवीत होते, त्याचे फळ शेक्सपिअरने असे एका रुमालाच्या घडीत दाखवले आहे.

हे त्याने जाणूनबुजून केले, याचा पुरावा मूळ कथेत मिळतो. सिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या कथासंग्रहात ही गोष्ट आहे. तिथे रुमाल ध्वजधारक, म्हणजे आपला इयागो, स्वतः पळवतो. त्याच्या बायकोला कटाची सगळी माहिती असते, पण नवऱ्याच्या भीतीने ती गप्प राहते आणि तो मेल्यानंतरच सारे उघड करते. शेक्सपिअरने हे उलटे केले. त्याच्या एमिलियाला कट ठाऊक नाही. नकळत तिचा हात त्याला लागला आहे. आणि ते कळताच, नवरा जिवंत असताना, त्याच्यासमोर ती बोलते. इयागो तिला घरी जाण्याची आज्ञा करतो. त्याचे ऐकणे हा माझा धर्म आहे, पण आत्ता नाही, आणि कदाचित मी आता कधीच घरी जाणार नाही, असे ती सांगते. हे वाचताना माझा दरवेळी कंठ दाटून येतो. पुढच्या काही ओळींतच तो तिला भोसकतो.

चौथ्या अंकाच्या शेवटी डेस्डेमोना विलो वृक्षाचे गाणे गाते, तो प्रवेशही सावकाश वाचावा, ही विनंती. एमिलिया डेस्डेमोनाच्या कपड्यांच्या टाचण्या काढते आहे आणि बायका वाईट वागल्या तर तो दोष नवऱ्यांचाच, बायकांनाही नवऱ्यांसारखीच दृष्टी, वास आणि चव असते, असे बोलते आहे. हे भाषण आणि ते गाणे १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित छापील ग्रंथात आहेत, पण याच नाटकाच्या १६२२ च्या स्वतंत्र, लहान आकाराच्या क्वार्टो प्रतीत नाहीत. त्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करीत; गाणाऱ्या मुलाचा आवाज फुटल्यामुळे तो भाग प्रयोगात गाळला गेला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. कारण काहीही असो, या नाटकातील स्त्रियांचे सर्वांत मोकळे बोलणे एका छापील प्रतीतून पूर्णपणे निसटले होते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

प्रतिसाद (संहितावाचक) :

नाट्यार्थी यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. डेस्डेमोनाच्या शेवटच्या वाक्याला निवाडा म्हणताना त्याचे पुढे काय होते, हे विसरता येत नाही. ऑथेल्लो लगेच म्हणतो की ती खोटे बोलत नरकात गेली, मारले मीच. तिची उदारताही त्याच्या हाती पुरावा बनते. शिवाय १३५१ च्या इंग्रजी कायद्याने पत्नीने पतीला मारणे हा स्वामिद्रोह ठरवला होता व त्यासाठी तिला जाळण्याची शिक्षा होती. पतीने पत्नीला मारले तर तो नुसता खून. कथा व्हेनिसची असली, तरी प्रेक्षक लंडनचे होते.

कॅसिओच्या प्रेयसीचा, बियांकाचा, उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून एवढे जोडतो. फोलिओतील पात्रयादीत तिच्यापुढे गणिका असे लिहिले आहे, पण नाटकात तिला देह विकणारी ठरवतो तो मुख्यतः इयागो. कॅसिओ तिची टिंगल करीत हसतो आणि लपून पाहणाऱ्या ऑथेल्लोला ती थट्टा डेस्डेमोनाची वाटते. एका स्त्रीची बदनामी दुसरीला इतक्या सहज चिकटते. पाचव्या अंकात एमिलियाही तिला तोच शब्द लावते. आपण तुमच्याइतक्याच सचोटीने जगतो, असे बियांका तिथे बजावते, पण तिची दखल कोणी घेत नाही. त्याआधीच्याच अंकात त्याच शब्दाने डेस्डेमोनाची विटंबना झाली होती, आणि एमिलिया त्यावर संतापली होती.

प्रश्नकर्ती (वाचनवेडी) :

सर्वांचे मनापासून आभार. एमिलियाच्या ‘मला माहीत नाही’ या उत्तरावरून मी तिन्ही वेळा सरळ पुढे गेले होते. आज तो प्रवेश पुन्हा उघडला आणि बराच वेळ तिथेच थांबले.

आता एक गोष्ट नव्याने दिसली. मरताना एमिलिया विनवते की मला माझ्या बाईसाहेबांशेजारी ठेवा. ती इच्छा पूर्ण झाल्याची रंगसूचना संहितेत नाही. डेस्डेमोनाचा काका ग्रॅशिआनो फक्त तिचा खून झाल्याचे बोलतो. नंतर लोडोविको शय्येवरच्या भाराकडे बोट दाखवून हे दृश्य झाकून टाका असे सांगतो, पण त्या भारात एमिलिया धरली आहे की नाही, हे प्रत्येक दिग्दर्शकालाच ठरवावे लागत असणार. कोणी असा प्रयोग पाहिला असेल, तर तिला उचलून तिथे कोणत्या पात्राने नेले, की ती जमिनीवरच राहिली, हे अवश्य लिहावे.