मदत हवी आहे: डीटीपीसाठी विंडोज ११, मॅक की लिनक्स? आणि कमी गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जास्त वेगवान कसा?

कंपोझवाला:
नमस्कार मंडळी. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं, छोटं काम आहे. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका आणि गणपती गेले की दिवाळी अंक. मशीन २०१७ सालचं: आय५-७४००, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०. त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ या मशीनवर बसत नाही. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यांना किमान आठवी हवी. धडधाकट गाडी पासिंगला अडवण्यातला प्रकार.

सल्ले तीन. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाक, फुकट आहे. मुखपृष्ठं करणारी आमची चित्रकार मॅकशिवाय दुसऱ्या कशाला कॉम्प्युटर म्हणायलाच तयार नाही. टिळक रोडवरचा दुकानदार म्हणतो विंडोजच ठेवा, आय५-१२४०० बसवून देतो.

घोळ इथे आहे. माझ्या जुन्या प्रोसेसरवर ३.० गिगाहर्ट्झ लिहिलंय, या नव्यावर २.५. म्हणजे पैसे मोजून स्पीड कमी करून घ्यायचा? विचारलं तर म्हणे, "तसं नसतं साहेब." कसं असतं ते काही सांगितलं नाही.

काम श्रीलिपी (मराठी टायपिंग-फाँटचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचं). आमच्या श्रीलिपीला डोंगल आहे, म्हणजे मशीनला लावायची किल्ली, ती असेल तरच सॉफ्टवेअर चालतं. युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फाँटमधल्या ढीगभर फायली आहेत, त्या उघडल्याच पाहिजेत, कारण प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीला कधी उगवेल सांगता येत नाही. सकाळी मशीन सुरू करून खाली चहा पिऊन आलं तरी चक्र फिरतच असतं. बजेट ४० हजार. त्यावर गेलं तर घरी जाब द्यावा लागेल.

नळस्टॉप:
लिनक्स. डोळे झाकून. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर त्यावरच चालतात.

पेठी_माणूस:
सुपरकॉम्प्युटरवर कोणी लग्नपत्रिका जुळवत नाही.

जुना_खिळा:
आधी गिगाहर्ट्झ. तो आकडा म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं ते त्यात येत नाही, आणि पिढ्यांमधला खरा फरक तिथेच असतो. इंटेलचा जुना पेंटियम ४ प्रोसेसर आठवतोय? २००४ मध्ये तो ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. आकडा वाढवायच्या नादात इंटेलने एकेका सूचनेचं काम ३१ टप्प्यांत तोडलं. पुढची सूचना कुठली, हा अंदाज चुकला की रांगेतलं अर्धवट काम टाकून पुन्हा सुरुवात. वर तापायचा भट्टीसारखा. २००६ मध्ये इंटेलचेच कोअर २ डुओ आले, कितीतरी कमी गिगाहर्ट्झचे, आणि त्याला सहज मागे टाकून गेले. त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलना करूच नका.

शिवाय तुम्ही वाचलेला २.५ हा पायाचा वेग. काम पडलं की १२४०० हा ४.४ पर्यंत जातो, तुमचा ३.५ पर्यंत. त्याला ६ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), तुमच्याला ४. दुकानदार खोटं बोलला नाही, समजावायचा कंटाळा केला. पण सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती खाच, वेगळं आहे, मदरबोर्डही बदलावा लागेल, ते त्याने सांगितलं का?

आणि माझ्या मते तुमचं दुखणं प्रोसेसरचं नाहीच. सकाळी मशीन घुटमळत असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि सीपीयू व डिस्कचे टक्के बघून इथे लिहा.

मॅक उत्तम मशीन आहे, पण पेजमेकर मॅकच्या नव्या सिस्टिमवर, ओएस एक्सवर, कधी आलंच नाही. ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या चिपवाल्या मॅकवर पॅरेलल्स नावाच्या सॉफ्टवेअरमधून विंडोज चालतं, तेही एआरएमचं, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी केलेलं. साधी सॉफ्टवेअर त्यात बरीचशी चालतात, ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. डोंगल तिथे अडू शकतो. लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारं वाइन आहे, त्यातही डोंगलचंच रडगाणं. तुमची ऑपरेटिंग सिस्टिम त्या डोंगलने कधीच ठरवून टाकली आहे, बाकी वाद चहाबरोबर घालायला ठीक.

कंपोझवाला:
बघितलं. डिस्क १०० टक्के, सीपीयू कधी १२ तर कधी १८. मदरबोर्डचं तो काहीच बोलला नव्हता!

जुना_खिळा:
मग झालं. हार्डडिस्कची सुई तबकडीवर इकडून तिकडे पळते, एकेका तुकड्याला दहाएक मिलिसेकंद घेते. सुरू होताना विंडोज असे हजारो तुकडे मागतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवण करणारी डिस्क, तीत सुईच नाही. साधी साटा जोडणीची एसएसडी तुमच्या आहे त्या बोर्डावर लागेल. ती आणि आणखी ८ जीबी रॅम टाका. प्रोसेसरचा विचार नंतर.

नळस्टॉप:
आणि विंडोज १० चे अपडेट? असुरक्षित मशीनवर गिऱ्हाइकांच्या फायली ठेवायच्या?

जुना_खिळा:
हा मुद्दा रास्त. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. त्यानंतर मी असतो तर हे मशीन नेटवरून काढून फक्त श्रीलिपीसाठी ठेवलं असतं. ईमेल, व्हॉट्सॲपवर येणारा मजकूर, हे सगळं एखाद्या जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकून. भाचा खूश.

कंपोझवाला:
लॅपटॉप आहे घरात पडलेला. एसएसडीवर विंडोज नव्याने टाकायचं की आहे तसं उचलून नेता येतं?

जुना_खिळा:
क्लोन करा, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवा, नाहीतर श्रीलिपी आणि फाँट पुन्हा बसवण्यात दिवस जाईल. त्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. दुकानात करून घेणार असाल तर डोंगल काढून खिशात ठेवा. आणि जुनी हार्डडिस्क लगेच फॉरमॅट करू देऊ नका, निदान लग्नसराई उरकेपर्यंत कपाटात राहू द्या.