शब्दचर्चा : बंदुकीचं ‘पाणी उतरलं’ म्हणायचं का?

टिळकवाडी : जुन्या लष्करी रायफलींची (ली-एनफिल्ड, मार्टिनी-हेन्री) मराठीत नोंद करायची आहे. लोखंडावरचं ब्लूइंग (काळसर थर) गेलंय त्या जागेला काय म्हणावं? ‘पाणी उतरलं’ कसं वाटतं?

उद्यमबाग : नको. पाणी देणं म्हणजे लाल तापवून बुडवणं, हार्डनिंग. ‘पाणी उतरलं’ वाचून लोहार समजेल की वस्तू आगीत सापडून मऊ पडली. ‘मुलामा’ही चुकीचा, त्यात एका धातूवर दुसरा चढवतात. ब्लूइंग हा त्याच पोलादाचा काळा ऑक्साईड, जेमतेम 1-2 मायक्रॉनचा थर. आमच्याकडं शॉपात याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात आणि बोलताना सरळ ‘काळं गेलं’.

निपाणीकर : आणि ‘ओप’?

उद्यमबाग : ओप म्हणजे चकाकी. फॉस्फेटिंग (पोलादावर फॉस्फेटचा राखाडी, निस्तेज थर) केलेल्या रायफलीला ती पहिल्या दिवसापासून नसते, मग उतरणार काय?

मलप्रभा : एकच शब्द शोधूलाय, तिथंच घोळ आहे. काळं जाण्याची कारणं वेगळी, म्हणून शब्दही वेगळे हवेत.

‘झिजलं’ : नोजकॅपच्या (रायफलीच्या पुढच्या टोकावरच्या धातूच्या टोपीच्या) कडा, बोल्टची मूठ, मॅगझीनखाली हाताची पकड बसते ती जागा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू फिकट होत जातं, बोटाला गुळगुळीत लागतं. याला उपाय करायचा नसतो. ही वापराची खूण आहे, किंमत तिच्यामुळं फारशी उतरत नाही.

‘गंजानं खाल्लं’ : कडा तुटक, स्पर्श खरखरीत. लाकूड आणि नळी भिडतात त्या रेषेखाली हमखास, कारण पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. खानापूरकडच्या हवेत तर विचारूच नका. चामड्याच्या पट्ट्याखाली आणि म्यानातही हेच. तेलाचं पांढरं फडकं फिरवा, तपकिरी डाग आला तर गंज अजून जिवंत आहे.

‘पापुद्रा निघाला’ : हे फक्त रंगाला. ईशापूर कारखान्याच्या 2ए1 रायफलीवर फॉस्फेटच्या वर काळा रंग असतो. रंग सुटून खाली राखाडी दिसलं तर फॉस्फेटचा थर शाबूत आहे. तेल लावून सोडून द्या.

टिळकवाडी : जिवंत गंज काढायचा कसा? आणि ‘तुक्कू’ लिहिलं तर चालेल?

मलप्रभा : बोलताना तुक्कू, आपल्याकडं सगळ्यांना कळतं. नोंदीत गंज. तुक्कू कन्नड, पुण्याचा वाचक अडेल.

काढायचं तर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा, मग 0000 नंबरची (सगळ्यांत बारीक) स्टील वूल अगदी हलक्या हातानं. दाबलं तर भोवतीचं चांगलं काळंही जातं. गंज पसरलेला असेल तर सुटा केलेला भाग तेल पूर्ण काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये 20-30 मिनिटं उकळतात. लाल गंज काळ्या ऑक्साईडमध्ये बदलतो, मग धुरकट थर तेलविरहित वूलनं पुसायचा. तेलाचा अंश राहिला की तिथं चट्टे पडतात. नळाचं पाणी नको, क्षार बसतात. शेवटी गरम असतानाच तेल.

निपाणीकर : खंडेनवमीला चिंच-लिंबानं घासतात त्याचं काय?

मलप्रभा : तलवारीला चालेल, इथं अजिबात नको. आम्लानं ब्लूइंग मिनिटांत उतरतं. ओलं गंध आणि झेंडू रात्रभर ठेवले तर खाली गोल डाग पडतो. पूजा झाली की लगेच पुसून तेल. खोबरेल मात्र नको, ते खवट होऊन चिकट बसतं.

उद्यमबाग : ‘रंग उडालाय, परत मारून द्या’ म्हणत येतात, त्यांच्यासाठी ‘रंग’ हा शब्द वाईटच. कॉस्टिकच्या टाकीत, सुमारे 140 अंशांत, ब्लॅकोडायझिंग केलं की आधीचा थर आणि त्याबरोबर मूळ रूप गेलं. दुनळीची रिब (दोन नळ्यांमधली पट्टी) शिशा-कथिलाच्या झाळणानं बसवलेली असते, कॉस्टिक ते झाळण खातं आणि नळ्या सुटतात. शिवाय परवानाधारक दुरुस्तीवाल्याखेरीज कुणाच्या हाती बंदूक द्यायची नसते.

टिळकवाडी : आधीच परत काळं केलेली रायफल ओळखायची कशी?

उद्यमबाग : शिक्के आणि नंबरांच्या कडा बफिंगनं बोथट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. काही पोलाद अशा टाकीतून जांभळट निघतं. नोंदीत लिहा : ‘काळं नंतर चढवलेलं’.

टिळकवाडी : मग माझी पहिली नोंद अशी : ‘नोजकॅपच्या कडा झिजून पांढऱ्या. लाकडाखाली नळीला गंज, खड्डे नाहीत. मॅगझीनवर काळं नंतर चढवलेलं.’

मलप्रभा : ‘खड्डे नाहीत’ हे लाकूड उतरवून पाहिलं असेल तरच लिहा.