बंदी आठवड्यांत मोजायची की सामन्यांत? (खेळ गेलिक फुटबॉल, पण कबड्डीवाल्यांनीही बोलावं)

डावा_उजवा_कोपरा
मंडळी, गेल्या उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडे डब्लिनला होतो. जावईबापूंनी तिथल्या गेलिक फुटबॉलचं वेड लावलं. पंधरा-पंधरा जण, चेंडू हातात घ्या नाहीतर पायाने मारा, खांद्याला खांदा भिडवा. मातीत कबड्डी खेळलेल्या माणसाला दुसऱ्या सामन्यापासून सगळं कळायला लागतं. परत दत्तवाडीत येऊन आठ महिने झाले, तरी दर रविवारी फोनवर आमचं एकाच मुद्द्यावर वाजतं, म्हणून इथे टाकतोय.

२०१७ च्या जूनमध्ये डब्लिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) डिअरमिड कॉनॉलीने कार्लो काउंटीविरुद्धच्या सामन्यात लाइन्समनला हात लावला. बारा आठवडे बंदी. तेव्हा जून ते ऑगस्ट हा ऐन मोसम असायचा, त्यामुळे गडी उगवला तो थेट उपांत्य सामन्याला.

आता २०२२. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर आर्मा आणि गॉलवे या दोन काउंटी, बरोबरी, जादा वेळेच्या आधी दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर. आर्माच्या एकाचं बोट गॉलवेच्या खेळाडूच्या डोळ्यात. या पठ्ठ्याचं त्या दिवशीच्या संघात नावही नव्हतं! चोवीस आठवडे मिळाले. पण त्याच संध्याकाळी आर्मा पेनल्टीवर हरून बाहेर पडलं होतं आणि बंदी संपली डिसेंबरात. म्हणजे काउंटीचा सामना एकही बुडाला नाही. बंदी आली ती त्याच्या स्थानिक क्लबच्या मोसमावर, आणि क्लबने काय घोडं मारलं होतं?

जावईबापू म्हणतात, "बाबा, चोवीस बारापेक्षा जास्तच ना?" मी म्हणतो, दिनदर्शिका उघडून बघा.

मला हे टोचतं त्याला कारण आहे. १९९१ च्या मे महिन्यात एका स्पर्धेत मी पंचांच्या हातातली शिट्टी ओढली. दोरी त्यांच्या मानेला घासली, लाल वळ उठला. चूक माझीच. आयोजकांनी सहा महिने बंदी घातली. जून ते नोव्हेंबर! पावसाळ्यात मैदानात बेडूक खेळत होते, मी भजी खात होतो. डिसेंबरात पहिल्या स्पर्धेला हजर.

त्याच्याच पुढच्या जानेवारीत आमच्या डाव्या कोपऱ्याने (डावीकडच्या टोकाला पकडीला उभा राहणारा गडी) शिट्टीनंतर एकाला लाथ घातली. फक्त तीन आठवडे. पण त्या तीन आठवड्यांत जिल्ह्याची निवड चाचणी होती. तिथे नाव लागलं असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचं जवळजवळ ठरलेलं होतं. आज तो रिक्षा चालवतो. मला सहा महिने, त्याला तीन आठवडे. शिक्षा जास्त कोणाला झाली?

पट_काढणारा
निवड चाचणीच्या महिन्यात लाथ घातली, ही अक्कल कोणाची? दिनदर्शिका त्याच्याही घरी असेलच की.

बावीस_वर्षं_पंच
काका, शिट्टीचा किस्सा वाचून मान चोळली.
कबड्डीत आमच्याकडे हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. हा मैदानातला हिशोब आणि तो तिथेच फिटतो. पण पंचाच्या अंगाला हात लागला की मामला वेगळा. एका उपनगरात रात्री अकराला अंतिम सामना संपला, तर दोनशे माणसं आणि आम्ही तिघं. मानधनात रिक्षाचं भाडं सुटत नाही. तेव्हा आमच्या बाजूने एकच गोष्ट उभी असते, ती म्हणजे खेळाडूच्या मनातली धास्ती. "फक्त हात लावला" म्हणून सोडलंत तर पुढच्या स्पर्धेत कोणीतरी कॉलर धरणार. म्हणून बारा आठवडे मला जास्त वाटत नाहीत. मात्र मोजायचे ते सामने मोजा, हे पटलं. सहा महिन्यांऐवजी सहा स्पर्धा म्हटलं असतं तर तुमची भजी बेचव झाली असती.

कॉर्कचा_सदाशिव
सदाशिव पेठेतून कॉर्कला येऊन अकरा वर्षं झाली. दोन गोष्टी सांगतो.
एक, इथले काउंटीचे खेळाडू हौशी आहेत. ऐंशी हजार लोकांसमोर रविवारी खेळणारा माणूस सोमवारी शाळेत गणित शिकवायला उभा असतो. मानधनच नाही तर दंड कशातून कापणार? त्यामुळे संघटनेच्या हातात खेळणं बंद करणं एवढंच उरतं. मुद्दाम पाडणं, ओढणं यासाठी २०१४ पासून काळं कार्ड आलं. आधी कार्ड मिळालेल्याच्या जागी दुसरा गडी यायचा, म्हणजे संघाचं काहीच बिघडायचं नाही. २०२० पासून दहा मिनिटं बाहेर आणि तेवढा वेळ संघ एकाने कमी. मला ही शिक्षा सगळ्यात न्याय्य वाटते, कारण ज्याच्याविरुद्ध आगळीक केली त्यालाच फायदा मिळतो. तुमच्या आर्मावाल्याच्या बंदीने गॉलवेला काय मिळालं?
दुसरं, कॉनॉलीची २०१५ ची गोष्ट जावयांनी सांगितली नाही वाटतं. मेयोविरुद्ध उपांत्य सामना बरोबरीत सुटला, त्यात समोरच्याला मारलं म्हणून याला लाल कार्ड. म्हणजे शनिवारचा फेरसामना बुडणार. सुनावणी झाली, अपील झालं, दोन्हीकडे हरला. शेवटी तंटा लवादाकडे गेले आणि सामन्याच्याच दिवशी पहाटे बंदी उठली. संध्याकाळी गडी मैदानात! डब्लिन जिंकलं, पुढे केरीला हरवून चषकही नेला.

अर्धा_वकील
त्या निकालात "याने मारलं नाही" असं कोणी म्हटलेलं नाही हे लक्षात घ्या. त्याला बाजू मांडायची नीट संधी मिळाली नाही, एवढ्यावर तो सुटला, आणि तेही तिघांपैकी दोघांच्या मताने. कार्यपद्धतीतली फट शोधायला वेळ आणि माणसं लागतात. ती मोठ्या काउंटीकडे असतात. गल्लीतल्या क्लबचा गोलकीपर पहाटेपर्यंत लवादाकडे बसणार आहे का? खरा अन्याय मला इथे दिसतो. आठवडे की सामने हा नंतरचा प्रश्न.

डावा_उजवा_कोपरा
पंचसाहेब, उशिरा का होईना, माफी मागतो. तुमची नाही, त्या मानेची.
सदाशिवराव, काळ्या कार्डाचा मुद्दा बिनतोड. जावईबापूंना ऐकवला, तर त्यांनी उलट सुनावलं: २०१७ मध्ये कॉनॉलीने अपीलच केलं नव्हतं. बारा आठवडे गुपचूप बसला. चिडले होते ते त्याचे प्रशिक्षक जिम गॅविन, आणि तेसुद्धा टीव्हीवाल्यांवर. याच गॅविनसाहेबांच्या समितीने २०२५ मध्ये नियम आणला, की पंचांशी हुज्जत घातली तर चेंडू पन्नास मीटर पुढे! काव्यगत न्याय म्हणतात तो हाच असावा.
वकीलसाहेब, आमच्या वेळी लवाद म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांचं किराणा दुकान. डाव्या कोपऱ्यासाठी मी तिथे गेलो होतो. ते साखर मोजत होते, मोजतच राहिले.
काल त्यालाच हा सगळा धागा वाचून दाखवला. म्हात्रे पुलाजवळ रिक्षा लावून चहा पीत होता. पट_काढणाऱ्याचं वाक्य ऐकून खो खो हसला, म्हणाला, "बरोबर बोलतोय तो." मग मीटर टाकून मला दत्तवाडीत सोडलं आणि पैसे घेतले. सुट्टे दोन रुपये परत दिले नाहीत.