मदत हवी आहे: खान्देशातल्या नव्या वनस्पतिशास्त्रज्ञांना जोडायचं कसं?

जळगाव, धुळे, नंदुरबारमधले पीएचडी करणारे आणि टिश्यू कल्चर (ऊतींपासून रोपं तयार करण्याच्या) लॅबमध्ये नुकते लागलेले पंचवीसेक जण जोडायचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढणं सोपं. पण कोणाकडे काय मागायचं हेच ठाऊक नसलं की तिथे 'शुभ सकाळ' आणि नोकरीच्या जाहिराती तेवढ्या उरतात.

म्हणून आधी सामायिक शीट: नाव, पीक, येणारं तंत्र (डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर, विषाणू ओळखणारी एलायझा चाचणी, वाळवलेल्या वनस्पतींचा हर्बेरियम संग्रह), हाताशी असलेलं उपकरण आणि ऑर्किड क्रमांक. (फूल नव्हे, संशोधकाचा १६ अंकी ओळख क्रमांक.)

भेटी सभागृहात नकोत, रावेर-यावलच्या केळीबागेत हव्यात. पावसाळ्यात केळीवर हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू) दिसतो: पानावर पिवळसर पट्टे, पुढे पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. एकाने हा रोग पसरवणारी मावा कीड ओळखावी, दुसऱ्याने नमुना घ्यावा. डीएनएसाठीचं पान प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून कुजतं. कागदी पाकिटात घालून पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे खडे) ठेवावं. पाकिटावर तारीख, वाण, गाव पेन्सिलीनेच लिहावं, शाई पसरते.

अडतं ते पुढे. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना पहिला ईमेल कसा लिहावा? लांबलचक बायोडेटा कोण वाचतो! पाच ओळी, त्यांच्याच शोधनिबंधावरचा एक नेमका प्रश्न आणि मोजपट्टीसह पानाचा फोटो, एवढं पुरेल का? आणि गाइडची परवानगी आधी घ्यावी की ईमेलमध्ये त्यांना सीसी ठेवलं तरी चालतं? शीट दर तिमाहीला अद्ययावत ठेवायचं काम कोणाकडे द्यावं, तेही सांगा.